मधल्या बोटाचं दुखणं

मालनबाईला जनावर विकताना घोडेगावच्या बाजारातले मुरलेले व्यापारीसुद्धा जपून बोलत. दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवून आणलेली गाय ती लांबूनच ओळखायची. शिंगं घासून वय लपवलेली म्हैस असो की लंगडी चाल दिसू नये म्हणून मुद्दाम दावणीला आखडून बांधलेली, मालनबाई आधी दात बघायची, चार पावलं चालवायला लावायची आणि मगच भावाचं बोलायची. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं तिनं नेवासे तालुक्यातल्या वस्तीवरचा गोठा एकटीनं सांभाळला आणि मुलगा कानिफनाथ वाढवला, तो या डोळ्यांच्या जोरावर. डोळ्याला जे खटकेल ते समोरच्याला बोलून दाखवायचं नाही, गुपचूप तपासून बघायचं, ही तिची रीत.

तर अशा बाईच्या घरात सून बोट धरून बसायला लागली.

सून म्हणजे रेश्मा, कोपरगावकडची. लग्नाला दीड वर्ष झालेलं. पोरगी कामाला चलाख होती, आणि तिचा हात लागला की आडमुठी म्हैससुद्धा पान्हा सोडायची. दिवाळीला माहेरी गेली, आठ दिवस राहून आली आणि आल्यावर पंधरवड्यातच तिनं सांगितलं, "आत्याबाई, ह्या मधल्या बोटात नखाखाली ठणका लागतोय. धार काढली की लईच."

नेमक्या त्याच आठवड्यात चौथी म्हैस व्यायली होती. मालनबाईनं ती गोष्ट मनाशी नोंदवून ठेवली.

गावातल्या डॉक्टरनं नखुरडं म्हणून बोटाला चीर दिली. मालनबाई शेजारीच उभी होती. रक्त आलं, पू आला नाही. नखुरडं आणि पू नाही? तिच्या कपाळाला पहिली आठी पडली ती तिथं. मग तालुक्याला जाऊन फोटो काढला. हाडाला काही नाही, म्हणाले. रक्त तपासलं, तेही चांगलं निघालं. दुसऱ्या डॉक्टरनं नस दबली असेल म्हणून मानेचा पट्टा दिला. तिसऱ्यानं सगळे कागद उलटेपालटे करून रेश्माला बाहेर बसवलं आणि कानिफला विचारलं, "घरी काही टेन्शन? सासूसुनेचं वगैरे?" त्यानं दिलेल्या गोळ्यांनी रेश्मा दिवसभर पेंगायची. बोट ठणकायचं ते ठणकतच राहिलं.

"म्या काय म्हनत हुते?" मालनबाई लेकाला म्हणाली. "रात्री बोट धरून कन्हती, आन् दिवसा आईशी फोनवर हसत बोलती. दुखनं काय घड्याळ बघून येतं व्हय?"

कानिफ दूध घालायच्या घाईत होता. आधी तो बायकोच्या बाजूनं दोन शब्द बोलायचा. आता डॉक्टरच तसं म्हणाल्यावर त्यानं तेही सोडलं. रेश्मानं नुसतं "आई गं" म्हटलं तरी तो गोठ्यातून उठून बाहेर जायचा. मालनबाईच्या ते ध्यानात येत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटत होतं.

मग गोळीचं निघालं. डोकेदुखीची पांढरी गोळी, पाण्यात टाकली की फसफसून विरघळणारी. गावातल्या मेडिकलवर कुणालाही मिळते. रेश्मानं एकदा सहज डोकं दुखतंय म्हणून ती घेतली, तर बोटच शांत झालं. तेव्हापासून सकाळची धार झाली की ती वाटीत गोळी विरघळवायची, घटाघट प्यायची, आणि अर्ध्या तासात तीच बाई भांडी घासताना दिसायची. डॉक्टरांच्या भारी भारी औषधांनी जे गेलं नाही ते दुकानातल्या गोळीनं जातं? तेही अर्ध्या तासात? मालनबाईच्या मनातला संशय आता अगदी पक्का झाला. गोळी हे निमित्त आहे. धारांचं काम संपलं, की बोट बरं.

तिनं पकडायचं ठरवलं.

"रिकाम्या पोटी गोळ्या गिळतीस, आतडी जळतील," ती सुनेला म्हणाली. "आन ती पाकिटं हिकडं. रोज चार घास खाल्ल्यावर म्याच देत जाईन."

रेश्माला त्यात माया दिसली असावी. तिनं मुकाट्यानं गोळ्या दिल्या. मालनबाईनं त्या फडताळात कुलपात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वाटीत गोळी टाकलीच नाही. चिमूटभर खायचा सोडा घेतला, वर लिंबू पिळलं. पाणी फसफसलं. चवही साधारण तशीच, आंबटखारट. मालनबाईनं जिभेवर थेंब टेकवून बघितला आणि वाटी बाहेर नेली.

रेश्मा प्यायली. मालनबाई कडब्याच्या गंजीआड जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासात बाईसाहेब भांड्यांशी बसतील, मग कानिफला बोलावून वाटी दाखवायची, एवढं सगळं तिनं मनाशी रचून ठेवलं होतं.

अर्धा तास झाला. रेश्मा भांड्यांकडे गेलीच नाही. ती जनावरांच्या हौदापाशी गेली, इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि मनगटापर्यंत हात गार पाण्यात बुडवला. पदराचा बोळा दातात धरला. डोळ्यांतून धार लागली होती, पण तोंडातून आवाज नव्हता. तेवढ्यात फाटकापाशी कानिफची मोटारसायकल वाजली. तिनं झटकन डोळे पुसले, डाव्या हातानं बादली उचलली आणि काही झालंच नाही अशी गोठ्यात गेली.

मालनबाई गंजीआडून हलली नाही. नाटक करणारं माणूस कुणी बघत असेल तर नाटक करतं. ही तर कुणी बघू नये म्हणून धडपडत होती.

तरी एका दिवसावर ती विश्वास ठेवणारी नव्हती. एका वेळच्या दुधावर म्हैस घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं खरी गोळी दिली. अर्ध्या तासात रेश्मा उठली, भांडी घासली, वर ज्वारी निवडायला बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. पुन्हा हौद. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातली तापाची गोळी कुटून घातली. थोडा उतार पडल्यासारखा वाटला, पण सून धरलेलं बोट सोडेना. असं दहा दिवस चाललं. कधी खरी, कधी खोटी, आणि मालनबाई कुठून तरी नजर ठेवून. एकदाही चुकलं नाही. खऱ्या गोळीला अर्धा तास, खोट्याला हौद.

शिवाय आता बोटाकडे नीट बघितल्यावर तिला आणखी एक दिसलं. त्या एकाच बोटाचं नख रुंद होऊन पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलं होतं. हे नाटकानं होत नाही. हे आधी का दिसलं नाही? आधी तिनं बोटाकडे बघितलंच नव्हतं. ती रेश्माच्या तोंडाकडे बघत होती.

अकराव्या दिवशी ती लेकाला म्हणाली, "उद्या हिला नगरला न्यायचं. मोठ्या हाडाच्या डॉक्टरकडं."

"आये, तूच म्हनत हुतीस नाटक हाय म्हनून."

"म्हनत हुते."

"मग आता काय झालं?"

"नख बघ तिचं," एवढंच मालनबाई म्हणाली. बाकीचं पोटात ठेवलं.

नगरच्या डॉक्टर यशोधरा पगारे पस्तिशीच्या होत्या. कानिफच्या एका मित्राचा मोडलेला पाय त्यांनी सरळ केला होता, म्हणून त्यांच्याकडे. हाडाचा डॉक्टर बाईमाणूस, हेच मालनबाईला आधी पटेना. ही काय हाडं जोडणार? ती खुर्चीत बसली तीच बाजारात बसावं तशी, डॉक्टरीणबाईच्या हातांकडे डोळे लावून.

त्या हातांनी मात्र घाई केली नाही. दोन्ही हातांची मधली बोटं शेजारी शेजारी धरली. नखांची रुंदी मोजली. पेनाच्या मागच्या टोकानं एकेक ठिकाण दाबत गेल्या आणि नखाच्या मुळाशी एका जागी रेश्मा किंचाळली. मग त्यांनी जुना फोटो उजेडाला धरला.

"हा सगळ्या हाताचा फोटो आहे. बोटाचं टोक यात इथं कोपऱ्यात, एवढंसं. फक्त बोटाचा काढू या."

तासाभरात नवा फोटो आला. त्यात टोकाच्या हाडावर पुसट डाग होता, काचेवर बोट टेकल्यासारखा. डॉक्टरांनी त्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"इथं चीर दिली होती ना? तेव्हा आत जंतू गेले असतील. हाडाचा क्षयसुद्धा असा दिसू शकतो. आणखी एक शक्यता आहे, पण ती या जागी फार क्वचित." त्या रेश्माकडे वळल्या. "कशानं थांबतं दुखणं? कुठली गोळी?"

"ही पान्यात विरघळती ती. घेतली की अर्ध्या तासात बंद."

डॉक्टर एकदम ताठ बसल्या. "दर वेळी?"

रेश्मा अडखळली. "आधी दर येळी. पन मागल्या दहा दिवसांत न्हाई. कधी थांबतं, कधी अजिबात न्हाई."

"त्याच गोळीनं?"

"त्याच."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. कागदावर लिहिलेली एक ओळ त्यांनी खोडली. "मग त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मला वाटतं, आधी जंतूंच्या बाजूनंच जाऊ. तीन आठवडे औषध देते. नाही फरक पडला तर क्षयाचा विचार करू, ते मात्र महिनोन् महिने चालेल."

मालनबाईची नजर त्या खोडलेल्या ओळीवर खिळली होती. अक्षर काय ते तिला कळत नव्हतं. पण चालत्या सौद्यात व्यापारी मध्येच हात काढून घेतो तेव्हा काहीतरी हातचं गेलेलं असतं, एवढं तिला कळत होतं. आणि ते कुणामुळे गेलं, तेही. गप्प बसलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. सून महिनोन् महिने भलतं औषध खाईल, बोट हौदात बुडवत राहील. बोललं तर इथंच, लेकासमोर, सुनेसमोर, या परक्या बाईसमोर.

तिनं खुर्ची पुढं ओढली.

"डॉक्टरीनबाई, ते खोडू नका."

"काय मावशी?"

"गोळी दर येळी लागू पडती. जवा थांबलं न्हाई, तवा वाटीत गोळीच नव्हती." तिनं पदर घट्ट आवळला. "सोडा आन् लिंबू हुतं. म्याच दिलं."

 बाहेर नंबर पुकारणाऱ्या पोरीचा आवाज तेवढा येत होता. कानिफनं मान वर केली ती आईकडे बघायला, आणि रेश्माचा चेहरा दिसल्यावर पुन्हा खाली घातली. रेश्मा सासूकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. फक्त बघत होती.

"का दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाटक करती असं वाटलं. पकडायचं हुतं."

"फार वाईट केलंत मावशी." डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, पण प्रत्येक शब्द सुटा. "दुखणाऱ्या माणसाला असं तपासत नाहीत." मग त्यांनी नवा कागद ओढला. "आता सगळं सांगा. कुठल्या दिवशी काय दिलंत?"

मालनबाईला सगळं पाठ होतं. सोमवारी सोडा, मंगळवारी खरी, बुधवारी सोडा, गुरुवारी तापाची गोळी. कुठल्या दिवशी किती वेळ लागला, सून कुठं बसली, काय केलं, एकेक करून ती सांगत गेली, आणि सांगता सांगता तिलाच ते ऐकवेना. डॉक्टर लिहीत गेल्या. संपल्यावर त्यांनी खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आणि खाली रेघ मारली.

"आज सीटी स्कॅन करा. नुसत्या बोटाचा, अगदी बारीक कापांचा."

स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी तिघांना पडद्यासमोर उभं केलं. पांढऱ्या हाडात एक काळा ठिपका होता, आणि त्याच्या आत आणखी एक पांढरा कण.

"ही हाडातली गाठ आहे."

गाठ म्हटल्याबरोबर कानिफ पडद्याजवळ सरकला. मालनबाईनं सरळ विचारलं, "क्यान्सर?"

"नाही. ही पसरत नाही, जीव घेत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी असते, पण दुखते मरणाची, आणि रात्री जास्त. बहुतेक वेळा मांडीच्या नाहीतर नडगीच्या हाडात सापडते. बोटाच्या टोकाला इतकी क्वचित, की कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्या गोळीनं झटकन थांबणं ही तिची खूण."

"मग तुमची खात्री हाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "माझाही अजून संशयच आहे. गाठ काढून तपासल्यावर खात्री होईल."

इतक्या डॉक्टरांत पहिल्यांदाच कुणीतरी मालनबाईला आपल्याला अजून माहीत नाही असं सांगितलं होतं. तिनं त्या बाईवर तिथं विश्वास टाकला. तरी विचारलंच, "बोट तोडनार तर न्हाई ना?"

"नख उचलून खालून काढायची. बोटाला धक्का नाही."

परतीच्या एसटीत कानिफ पुढं कुठंतरी बसला. सासूसुना एका बाकावर होत्या. पांढरीपुलाचा थांबा मागं पडेपर्यंत रेश्मा खिडकीबाहेर बघत होती. मग बाहेर बघतच म्हणाली,

"मला सोड्याची चव लागली हुती."

मालनबाई दचकली. "मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, गोळीत तुमी देवरुष्याचा अंगाराबिंगारा कालवताय. न्हाईतर..." तिनं पुढचं टाळलं, पण मालनबाईला ते पोचलं.

"असं वाटत हुतं तरी पीत हुतीस?"

"बोट दुखत हुतं, आत्याबाई. त्यात गोळी असंल असं वाटायचं."

 आपण हिच्यावर नजर ठेवून होतो, आणि ही आपल्या हातच्या वाटीकडं रोज तसंच बघत होती. 

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. तासभर लागला. डॉक्टर बाहेर आल्या तशी मालनबाई म्हणाली, "मला बघायचीय." डॉक्टरांनी बाटली समोर धरली. तळाशी तांबडा, ज्वारीच्या दाण्याएवढा कण होता. एवढ्यासाठी? मालनबाईनं बाटली उजेडाला धरून चारही बाजूंनी फिरवली. मग तिनं बाटलीवरचं नाव कानिफकडून मोठ्यानं वाचून घेतलं, दुसऱ्याची जाऊ नये म्हणून, आणि तपासणीला नेणाऱ्या माणसाच्या मागं जिन्यापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माला विचारलं तर ती म्हणाली, "टाके दुखतायत. पन ते दुखनं न्हाई." ती रात्रभर गाढ झोपली होती. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.

दवाखान्यातून ती घरी आलीच नाही. तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि ती माहेरी गेली. जाताना सासूच्या पाया पडली, नवऱ्याशी दोन शब्द बोलली, कधी येणार ते सांगितलं नाही. चार म्हशींच्या धारा मालनबाईवर आल्या.  एकदा जेवताना कानिफ ताट सरकवून म्हणाला, "म्याबी तसाच वागलो. तुझं ऐकून." मालनबाईनं मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं.

दहाव्या दिवशी तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी फोन करून तो समजावून सांगितला. संशय खरा ठरला होता. तीच गाठ होती, सगळी निघाली होती.

मालनबाईनं कागद पिशवीत घातला आणि एकटीच कोपरगावची एसटी धरली. वाटेत तिनं सगळं ठरवून ठेवलं. रेश्माची आई भागूबाई तोंडाची तिखट होती. ती चार शिव्या देईल, भाऊ अंगावर येईल, शेजारीपाजारी जमतील. काय म्हणतील ते खाली मान घालून ऐकायचं. आणि ते म्हणतील की पोरगी पाठवत नाही, तर तशीच माघारी फिरायचं.

भागूबाईनं दारात पाय धुवायला पाणी दिलं. चहा केला. "लई केलंत हो आमच्या लेकीचं," ती म्हणाली. "तुमीच हट्टानं नगरला नेलं म्हनं. न्हाईतर बोट गेलं असतं."

मालनबाईनं तोंडाशी नेलेली बशी मागं घेतली. तिनं रेश्माकडे बघितलं. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. तिनं माहेरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"विहीणबाई," मालनबाई बशी खाली ठेवून म्हणाली, "हिनं तुमाला अर्धंच सांगितलंय. बाकीचं म्या सांगते."

आणि तिनं सांगितलं. सोडा, लिंबू, कडब्याची गंजी, हौद, काही वगळलं नाही. भागूबाईचं तोंड आधी उघडं पडलं, मग लाल झालं. ती जे बोलली ते मालनबाईनं ठरवल्याप्रमाणं खाली मान घालून ऐकून घेतलं. बरंच होतं. शेवटी भागूबाईच दमून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला.

मालनबाईनं कागद रेश्मापुढं ठेवला. रेश्मानं तो वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला.

"हितं कशाला सांगितलंत?" तिनं हळू विचारलं. "म्या झाकलं हुतं."

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ते मला पेलंना."

रेश्मानं पट्टीची गाठ चाचपली. "माझं औषध इथून पुढं माझ्या हातानं घेनार म्या," ती म्हणाली. "आन् आज येनार न्हाई. बुधवारी टाके काढायचेत नगरला. ह्यांना तिकडं यायला सांगा. तिथून येईन."

"येशील ना?" हा प्रश्न तोंडातून निघाला तेव्हा मालनबाईला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हटलं ना, येईन."

परतीची गाडी चारला होती. मालनबाई उठली, पिशवी घेतली. पोरीच्या डोळ्यांत बघून खरंखोटं ताडावं असं तिला फार वाटलं, सवयच होती ती. पण तिनं बघितलं नाही. चप्पल घातली आणि स्टँडच्या रस्त्याला लागली.

बुधवारी संध्याकाळी कानिफच्या मोटारसायकलवर मागं रेश्मा बसलेली होती.